विणून झालं, आता जोडायचं कसं? बाळाचे मोजे आणि टोपडं पूर्ण करण्याची पद्धत

दोन सुयांवर विणायला नुकतंच शिकलेल्या बऱ्याच जणींच्या पिशवीत विणून झालेले, पण न जोडलेले तुकडे पडून असतात. आत्या-मावशी असो की व्हिडिओ, टाके घालणं, सुलट-उलट आणि टाके बंद करणं मन लावून शिकवलं जातं. त्यापुढे 'आता शिवून टाक' एवढंच ऐकायला मिळतं. मग आपण साध्या सुईदोऱ्याने कड तुरपतो, शिवणीला गाठी दिसतात, मोजा एका बाजूला ओढला जातो, आणि महिनाभराची मेहनत बाळाला घालावीशी वाटत नाही.

शिवण हे वेगळं कौशल्य आहे, पण अवघड नाही. ओळी मोजता आल्या की शिवता येतं. तिची निम्मी तयारी मात्र विणतानाच करायची असते, म्हणून मी सुरुवात टाके घालण्यापासूनच करते आहे.

उदाहरण घेतलं आहे बाळाच्या सेटचं: सपाट विणून शिवायचे मोजे आणि टोपडं. आपल्याकडचा हिवाळा छोटा, त्यामुळे पहिल्या वर्षी सगळ्या हेच विणतात. शिवाय बारशाची तारीख समोर असली की काम अर्धवट राहत नाही. मापाचं एक लक्षात ठेवा. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर असतो आणि तीन महिन्यांत तो 40 च्या आसपास जातो. भेट द्यायची असेल तर तीन महिन्यांच्या मापाचं विणा. बाराव्या दिवसाच्या मापाचं टोपडं महिनाभरही पुरत नाही.

हाताशी काय हवं

- लोकर शिवायची सुई: टोक बोथट, नाकं मोठं. टोकदार सुई लोकरीच्या धाग्यातून आरपार जाते आणि तो चिरते. पुण्यात तुळशीबागेच्या परिसरात किंवा कोणत्याही लोकरीच्या दुकानात मिळते. धातूची घ्या, प्लॅस्टिकची बारीक विणीत अडकते.
- विणायला वापरलेलीच लोकर, शिवणीसाठी राखून ठेवलेली
- विणायच्या सुयांपेक्षा एक-दोन मापं जाड अशी एक सुई
- मोज्याच्या, म्हणजे दोन्हीकडे टोक असलेल्या दोन सुया (तळव्यासाठी, असल्या तर उत्तम)
- न गंजणाऱ्या टाचण्या, मोजपट्टी, छोटी कात्री
- वेगळ्या रंगाच्या लोकरीचे चार-पाच तुकडे, खुणेसाठी
- जाड टॉवेल आणि टाचण्या टोचता येतील असं काहीतरी सपाट: लहान मुलांच्या खेळायच्या फोमच्या चटया सगळ्यात सोयीच्या

सुयांच्या मापात एक सापळा आहे. आपल्या दुकानांत अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25. 'एक माप जाड' हवी असेल तर 10 वरून 9 वर यायचं, 11 वर नाही. दुकानात मिलिमीटर सांगा, घोळच होत नाही.

1. टाके घालतानाच शिवणीचा दोरा राखा

टाके घालताना सुरुवातीचं टोक लांब सोडा. जी कड शिवायची आहे तिच्या लांबीच्या तिप्पट, वर एक वीत. त्याची छोटी लड करून ती बाजूला बांधून ठेवली की विणताना पायात येत नाही. शिवण याच दोऱ्याने सुरू झाली की कोपऱ्यावर नवा दोरा जोडायला लागत नाही, आणि कोपरा हीच शिवणीची सगळ्यात उसवणारी जागा असते.

शिवताना दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो. नमुन्यात तो धरलेला नसेल तर दोन टाके जास्त घाला.

प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायची सवय अनेकींना असते. मफलरला ती छान, कड साखळीसारखी स्वच्छ दिसते. पण शिवायच्या कडेला नको, कारण मग दोन ओळींना मिळून कडेचा एकच सैल टाका होतो आणि शिवणीत फटी दिसतात. शिवायच्या कडेचा पहिला टाका विणाच.

आणि दर दहाव्या ओळीला कडेला वेगळ्या रंगाच्या धाग्याची खूण बांधा. पुढे शिवताना या खुणा समोरासमोर आल्या की काम बरोबर चाललं आहे हे मोजल्याशिवाय कळतं.

2. टाके सैल बंद करा

टोपड्याची चेहऱ्याकडची कड आणि मोज्याचा वरचा काठ ताणला गेला नाही, तर बाकी सगळं चांगलं होऊनही वस्तू वाया जाते. सुरुवातीला हात घट्टच असतो. म्हणून ही कड शेवटी येत असेल तर बंद करायची ओळ जाड सुईने विणा, तिथूनच सुरुवात असेल तर टाके जाड सुईने घाला. बॉर्डर, म्हणजे सुलट-उलट टाक्यांचा ताणला जाणारा काठ, असेल तर सुलट टाका सुलट आणि उलट टाका उलट विणतच बंद करा.

आणखी ताण हवा असेल तर ही पद्धत वापरा. दोन टाके मागच्या धाग्यातून एकत्र सुलट विणा, तयार झालेला एक टाका पुन्हा डाव्या सुईवर ठेवा, पुढच्या टाक्याबरोबर परत एकत्र विणा, असं शेवटपर्यंत. लोकर थोडी जास्त लागते. बंद झाल्यावर कड दोन्ही हातांनी ताणून मापाएवढी होते का ते बघा. होत नसेल तर लगेच उसवून पुन्हा बंद करा. शिवल्यानंतर हे करणं फार त्रासाचं असतं.

3. टोपड्याचा शेंडा ओढून घ्या

टाके कमी करत करत शेवटी आठ-दहा उरतात. ते बंद करायचे नाहीत. लोकर लांब कापा, शिवायच्या सुईत ओवा आणि उरलेल्या सगळ्या टाक्यांतून ती सुई एकेक करून काढा. विणायची सुई बाहेर काढा आणि पुन्हा एकदा सगळ्या टाक्यांतून दोरा फिरवा. हा दुसरा फेरा टाळू नका. एकाच फेऱ्यावर शेंडा थोड्या दिवसांत उघडतो आणि मधोमध भोक दिसायला लागतं. आता दोरा हळूहळू ओढा, झटका देऊ नका, आणि आतल्या बाजूने दोन टाके घेऊन पक्का करा. याच दोऱ्याने वरून खाली शिवण सुरू करता येते.

ओवताना लोकर नाक्यात जात नसेल तर ती सुईभोवती दुमडा, दुमड चिमटीत घट्ट धरा, सुई काढून घ्या आणि ती चपटी दुमड नाक्यात सरकवा.

4. शिवण्याआधी तुकडे सपाट करा

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण कडेला वळतेच. वळलेली कड शिवायची म्हणजे टाका दिसत नाही आणि अंदाजाने सुई खुपसली जाते. म्हणून आधी सपाट करायचं, मग शिवायचं. इथे एक प्रश्न येतो: तुमची लोकर खरंच लोकर आहे का?

आपल्याकडे 'लोकर' म्हणून मिळणारा बराचसा माल ॲक्रिलिक असतो. 'बेबी वूल' असं नाव असलं तरी लेबल वाचा. लेबल हरवलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा, मुलं जवळ नसताना. मेंढीच्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरडते. ॲक्रिलिक वितळतं, काळा धूर येतो आणि टोकाला कडक मणी राहतो. वितळलेला थेंब बोटाला चिकटू देऊ नका.

*खरी लोकर असेल तर:* कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा. पिळू नका. दाबून पाणी काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून वर हातांनी दाब द्या. मग चटईवर मापाप्रमाणे पसरून टाचण्या लावा, आधी कोपरे, मग मधल्या जागा. पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. कोकणात पावसाळ्यात याला दोन दिवस लागतील, पंखा लावून ठेवा.

*ॲक्रिलिक असेल तर:* पाण्याचा फारसा उपयोग होत नाही, वाफ लागते. कोरडा तुकडा टाचण्यांनी लावा, वर ओलं सुती फडकं ठेवा आणि वाफेची इस्त्री दोन-तीन सेंटिमीटर वर, हवेतच धरा. इस्त्री टेकवायची नाही. एकदा टेकली की वीण चपटी, चकचकीत आणि लुळी होते आणि ती परत कशानेही पूर्ववत होत नाही. वाफ दिल्यावर तुकडा गार होऊ द्या, मगच टाचण्या काढा.

दोन्ही प्रकारांत बॉर्डर वगळा. बॉर्डरचं काम आक्रसून बसण्याचं, तिला ताणून टाचण्या किंवा वाफ दिली तर ती पसरट होऊन बसते.

5. बाजूची शिवण

हा टप्पा सावकाश वाचा, आणि पहिल्यांदा मोज्यावर करण्याऐवजी दोन छोटे चौकोन विणून त्यांच्यावर करा, तेही वेगळ्या रंगाच्या लोकरीने. रंग वेगळा असला की दोरा कुठून जातो ते दिसतं.

दोन्ही कडा शेजारी-शेजारी ठेवा, सुलट बाजू वर. नेहमीच्या कापडासारखं उलट बाजूने शिवायचं नाही. सुलट बाजू समोर असल्यामुळे शिवण कशी दिसते हे शिवतानाच कळतं.

राखलेला दोरा ओवा. ज्या कोपऱ्यातून दोरा येतो, त्याच्या समोरच्या कोपऱ्यात सुई खालून वर काढा, मग परत पहिल्या कोपऱ्यात खालून वर. मराठी चारच्या आकड्यासारखा वेढा पडतो आणि दोन्ही कोपरे एका रेषेत येतात.

आता उजवीकडच्या तुकड्याचा कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका बोटांनी हलकेच दूर करा. मध्ये आडव्या धाग्यांच्या पायऱ्या दिसतील, एका ओळीला एक पायरी. सुई एका पायरीखालून काढा. डावीकडे या, तिथली एक पायरी उचला. पुन्हा उजवीकडे. नियम एकच: त्या बाजूला मागच्या वेळी सुई जिथून बाहेर आली, तिथेच ती आता आत जाते. एकही पायरी सुटली नाही की शिवण आपोआप सरळ येते.

पाच-सहा पायऱ्या होईपर्यंत दोरा सैल राहू द्या. मग तो शिवणीच्या दिशेने, वरच्या बाजूला ओढा. स्वतःकडे ओढू नका. दोन्ही कडा एकत्र येतात आणि दोरा दिसेनासा होतो. दोरा दिसेनासा झाला की थांबायचं. त्यापुढे ओढलं तर चुण्या पडतात. ओढून झाल्यावर शिवण लांबीच्या दिशेने थोडी ताणा, म्हणजे ती विणीइतकीच लवचीक राहते.

नेहमी अडणाऱ्या जागा:

*एका बाजूला ओळी जास्त आहेत.* दोन-तीन ओळींचा फरक असेल तर उसवायची गरज नाही. जास्त ओळींच्या बाजूला अधूनमधून दोन पायऱ्या एकदम उचला, पण एकाच ठिकाणी नाही, लांबीभर विखरून. फरक त्याहून मोठा असेल तर तुकडा पुन्हा विणलेला बरा.

*मध्येच पायऱ्या हरवल्या.* तुम्ही कडेच्या टाक्यातून आतल्या टाक्यात, म्हणजे एक स्तंभ पलीकडे सरकल्या आहात. दोरा सैल करून मागे जा.

*बॉर्डर जुळत नाही.* एक सुलट-एक उलट बॉर्डरला टाके विषम घ्या, म्हणजे दोन्ही कडांना सुलट टाका येतो. तेवढ्या भागात कडेच्या टाक्याच्या मधून सुई घाला. दोन्हीकडचे अर्धे-अर्धे टाके मिळून एक पूर्ण सुलट स्तंभ होतो.

*काठ दुमडायचा आहे.* कानटोपीचा किंवा मोज्याचा काठ बाहेर दुमडणार असाल, तर दुमडल्यावर उलट बाजू वर येते. म्हणून दुमडणाऱ्या भागाची शिवण उलट बाजूने शिवा आणि दुमडीच्या किंचित आधी सुलट बाजूला या. नव्या विणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, आणि पूर्ण झालेल्या टोपीवर ती शिवण नेमकी कपाळावर येते.

सगळ्या ओळी सुलट अशी वीण असेल तर पद्धत जरा बदलते, सोपी होते. सुलट बाजूने दोन ओळींना मिळून एक उंचवटा दिसतो. एका तुकड्याच्या कडेला उंचवट्याचा खालचा फास उचला, समोरच्या तुकड्यावर त्याच उंचवट्याचा वरचा फास. उंचवटे एकमेकांत बसतात आणि शिवण अगदी सपाट राहते. पहिला मोजा याच विणीचा करा असं मी प्रत्येकीला सांगते.

दोरा शिलाईच्या रिळाचा घेऊ नका. तो ताणला जात नाही आणि वीण कापतो. तुमची लोकर केसाळ किंवा मध्येच जाड-बारीक असेल तर तिच्याच रंगाची साधी, गुळगुळीत लोकर शिवणीला घ्या.

6. मोज्याचा तळवा

वरच्या काठापासून सुरू करून तळव्यापर्यंत येणारा मोजा असेल तर शेवटी तळव्याचे सगळे टाके सुईवर असतात. ते बंद करून मग शिवता येतातच. बंद केलेल्या कडेच्या लगेच आतल्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर घ्या, मग समोरच्या टाक्याचे, असं आळीपाळीने.

पण दोन्हीकडे टोक असलेल्या सुया असतील तर शिवण वाचते. टाके निम्मे-निम्मे दोन सुयांवर घ्या आणि मोजा मधोमध घडी करून सुया शेजारी धरा, लोकर टाचेकडे. तिसऱ्या सुईने पुढच्या आणि मागच्या सुईवरचा एकेक टाका एकत्र सुलट विणा. असे दोन झाले की पहिला दुसऱ्यावरून ओढून बंद करा. शेवटपर्यंत असंच. घडी करताना सुलट बाजू बाहेर ठेवा. बंद केल्याची उंच रेघ मग तळव्याच्या बाहेर येते. चालायला लागलेल्या मुलाला ती टोचेल, पण तान्ह्या बाळाला आत मऊ हवं.

तळवा झाल्यावर मागची शिवण टाचेपासून वर, पाचव्या टप्प्याप्रमाणे.

7. टोकं लपवणं

गाठ मारून कापून टाकणं ही सगळ्यात मोहाची चूक. गाठ टोचते, आणि गुळगुळीत ॲक्रिलिकची गाठ दोन धुण्यांत सुटते.

टोक शिवायच्या सुईत ओवा. उलट बाजूला उलट टाक्यांचे छोटे उंचवटे असतात, त्यांच्यातून तिरकं चार-पाच सेंटिमीटर न्या, मग दिशा बदलून परत या. ॲक्रिलिक असेल तर एकदा आणखी दिशा बदला. शिवण जवळ असेल तर तिच्या आत वळलेल्या कडेतून नेणं उत्तम. वीण एकदा सगळीकडून ताणा, मगच अगदी थोडं टोक ठेवून कापा. ताणण्याआधी कापलं तर टोक नंतर बाहेर डोकावतं.

मोज्यांच्या बाबतीत हा टप्पा सुरक्षिततेचा आहे, फक्त देखणेपणाचा नाही. आत सुटा राहिलेला धागा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो, रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि बाळ का रडतंय हे कुणालाच कळत नाही. बोटं येतात त्या भागात टोक लपवूच नका, तळव्याच्या शिवणीत किंवा मागे न्या. पूर्ण झालेला मोजा उलटा करा, आत बोटं फिरवा आणि बोट अडकणारा प्रत्येक धागा नीट बसवा. मोजे ज्यांना देणार त्यांनाही सांगा: घालण्याआधी दर वेळी उलटा करून बघायचा. हातमोज्यांनाही हेच.

8. बंद, गोंडे, बटणं

मोज्याच्या घोट्याला ओवायचा बंद पिळाचा करा. हव्या त्या लांबीच्या तिप्पट लोकर दुहेरी घ्या, एक टोक दाराच्या कडीला अडकवा, दुसऱ्या टोकाला पीळ देत राहा. मधला भाग वळायला लागला की मधोमध दुमडून सोडा, दोन्ही अर्धी एकमेकांवर गुंडाळतात. टोकांना गाठ. हा बंद भोकांतून ओवला की मागच्या शिवणीशी दोन टाके घालून अडकवा, म्हणजे ओढून निघत नाही. लांबी बो बांधण्यापुरतीच ठेवा.

टोपड्याला हनुवटीखाली लांब नाड्या लावू नका, गळ्याशी लांब नाडी धोक्याची. गोंडे आणि बटणं बाळ तोंडात घालतं. सेट शोभून दिसायला हवा असेल तर काठाला दुसऱ्या रंगाच्या दोन ओळी विणा.

9. धुणं, ठेवणं, देणं

भेट देण्याआधी एकदा धुवाच. खऱ्या लोकरीला रिठ्याचं पाणी उत्तम: बिया काढलेली सालं रात्रभर भिजवून गाळून घ्या. पाणी गरम नको आणि चोळणं नको, दोन्हींनी लोकर आटून घट्ट होते. ॲक्रिलिक मशीनमध्ये जाळीच्या पिशवीत, हलक्या फेऱ्यावर चालतं. दोन्ही दोरीवर लटकवू नका, टॉवेलवर आडवं, सावलीत वाळवा.

खऱ्या लोकरीला कसर लागते. म्हणून ती धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशवीत ठेवा. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या अजिबात ठेवू नका. त्यातल्या नॅफ्थलीनने काही बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या, तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.

सेट देताना सोबत एक चिठ्ठी आणि त्याच लोकरीचा हातभर तुकडा द्या. चिठ्ठीत तीन गोष्टी लिहा: लोकर कोणती आहे, कशी धुवायची, आणि मोजे घालण्याआधी उलटे करून आतला धागा तपासायचा.